लांबच्या वाटेची स्वस्त गाडी

स्वतःची मोटार घेऊन परदेशाच्या लांब प्रवासाला निघायचे तर गाडीची निवड तीन हिशेबांवर ठरते: तिची किंमत, लिटरमागे ती तोडत असलेले अंतर, आणि वाटेत बिघडली तर तिला दुरुस्त करणारा माणूस कुठे भेटेल. पहिले दोन हिशेब कोणीही कागदावर मांडतो. तिसरा रस्त्यावरच कळतो, आणि गेल्या शंभर वर्षांत लांबच्या वाटेने ज्या गाड्या निभावल्या त्यांच्या बाबतीत बहुधा तोच निर्णायक ठरला आहे. महाराष्ट्रात हे तिन्ही हिशेब कसे बदलत गेले, ते मुंबई-अहमदाबाद रस्त्याच्या पश्चिमेकडील बोईसर-तारापूरच्या पट्ट्यातून चांगले दिसते. कुंभवली हे याच पट्ट्यातले, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला आलेले पालघर तालुक्यातील गाव. अणुवीज केंद्र, रासायनिक कारखाने, महामार्ग आणि गुजरातची सीमा हे सारे त्याच्यापासून हाताशी आहे.

या किनाऱ्याला मोटारीचा रस्ता उशिरा मिळाला. वसईची खाडी आणि वैतरणा यांनी किनारपट्टी तोडलेली, त्यामुळे उत्तर कोकणाचा मुंबईशी व्यवहार आधी गलबतांनी आणि नंतर आगगाडीने चाले. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग 1864 साली गुजरातकडून मुंबईला येऊन भिडला, आणि पुढची शंभर वर्षे बोईसर, वाणगाव, पालघरच्या माणसाला लांब जाणे म्हणजे गाडी पकडणेच होते. मुंबईत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. 1898 साली शहरात आलेल्या पहिल्या चार मोटारींपैकी एक जमशेटजी टाटांची होती, असे सांगितले जाते. 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तरीही मोटार ही संस्थानिकांची, बड्या वकिलांची आणि गिरणीमालकांची वस्तू राहिली. इंधनाचा हिशेब करावा लागणाऱ्या माणसाच्या दारात ती आलीच नव्हती.

परदेशाच्या वाटेने जाणाऱ्यांनी मात्र त्या काळातही काटकसरीचा विचार केला होता. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तरुणांनी 1923 च्या ऑक्टोबरात निघून 1928 पर्यंत जगप्रदक्षिणा पुरी केली ती सायकलींवर. इंधनाचा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. मोटारीने इंग्लंडहून हिंदुस्थानात येण्याचा पहिला गाजलेला प्रवास 1924 सालचा. मेजर फोर्ब्ज-लीथ यांनी वोल्सली गाडी इराण ओलांडून क्वेट्ट्यापर्यंत आणली. त्या प्रवासांत पेट्रोल पिंपांतून आधी पुढच्या मुक्कामांवर पाठवून ठेवावे लागे, म्हणजे गाडी कमी पिणारी असली तर खर्चाबरोबर सोय करण्याची दगदगही कमी होई. एक डबा कमी लागला तर तेवढे वजन कमी, आणि वजन कमी झाले की पुढचे पेट्रोलही थोडे कमी जळते.

याच सुमारास परदेशी गाडी नेण्याची कागदोपत्री व्यवस्था आकाराला आली. 1919 साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली. गाडीवाल्यांच्या अशा संस्था आंतरराष्ट्रीय वाहनपरवाने आणि ‘कार्ने’ नावाचे जकातीचे पुस्तक देत. कार्नेचे काम समजून घेण्यासारखे आहे, कारण स्वस्त गाडी निवडण्याचे सर्वांत भक्कम कारण त्यातच दडलेले आहे. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग नाक्यावर फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उमटून तो मालकाकडे राहतो. गाडी विकून न टाकता ती परत बाहेर नेली, याचा तो पुरावा. शिक्का राहिला तर त्या देशाची आयातजकात कार्ने देणाऱ्या संस्थेला भरावी लागते. म्हणून संस्था मालकाकडून आधीच अनामत किंवा बँकेची हमी घेते. ही हमी गाडीच्या किमतीवर आणि वाटेतील सर्वांत कडक देशाच्या जकातीवर ठरते. जकात किमतीच्या दुप्पट धरली तर तीन लाखांच्या गाडीसाठी सहा लाख अडकतात आणि पंधरा लाखांच्या गाडीसाठी तीस लाख. महागडी गाडी पेट्रोल कितीही वाचवो, हमीपोटी महिनोन्‌महिने अडकून पडणारी रक्कम त्या बचतीला कुठच्या कुठे मागे टाकते. लांबच्या परदेशी वाटेवर जुनी, साधी गाडी नेण्याची रीत पडली ती मुख्यतः यामुळे.

स्वातंत्र्यानंतर बोईसरच्या बाजूला रस्त्याचे दिवस आले. मुंबई-अहमदाबाद-जयपूर-दिल्ली हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 8 झाला; आता त्याचा क्रमांक 48 आहे. तो किनाऱ्याने न जाता आतून, घोडबंदर, मनोर, चारोटी, तलासरीवरून जातो. तारापूरला अणुवीज केंद्राचे काम 1964 च्या ऑक्टोबरात सुरू झाले, दोन्ही संच 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी तत्त्वावर चालू लागले, आणि एका आडबाजूच्या किनाऱ्यावर देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले. नंतरच्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पट्ट्याच्या सुबत्तेच्या कहाणीत ही किंमत विसरता कामा नये. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तारापूर वसाहत काढली आणि कुंभवली, कोळवडे, सालवड, पाम-टेंभी, पास्थळ, सरावली ही शेतीची गावे कारखान्यांच्या शेजाराला आली. बोईसर ते चिल्हार फाटा हा महामार्गाला जोडणारा रस्ता टँकर आणि ट्रेलरांनी भरून गेला. ज्या गावांतून माणसे पायी स्टेशनला जात, तिथे आता रोजगारासाठी, मालासाठी आणि पुढे हौसेसाठीही गाडी लागू लागली.

त्या काळात घेण्याजोगी गाडी म्हणजे फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि 1100 हे मॉडेल सुधारत सुधारत सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. पुढे तिघे आणि मागे तिघे बसवून मुले मांडीवर घेतली की एक कुटुंब सहज निघे. ॲम्बॅसेडर अधिक प्रशस्त होती, वाईट रस्त्याला दणकटही, पण पेट्रोल जास्त खाई. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने फियाट उचलली ती याच हिशेबाने. लिटरला दहा-बारा किलोमीटर हे आज फार वाटणार नाही, पण त्या वेळी याहून काटकसरीची आणि तरीही कुटुंब मावेल अशी दुसरी गाडी बाजारात जवळजवळ नव्हती.

गाडी मिळणे हीच मोठी गोष्ट होती. उत्पादनावर परवान्याचे बंधन, किमतीवर सरकारी नियंत्रण आणि मागणी अफाट, त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागलेली नवी गाडी वर पैसे घेऊन दुसऱ्याला देण्याचा धंदाच झाला होता. अशा बाजारात ‘निवड’ हा शब्द फारसा लागू पडत नाही. मिळेल ती गाडी घ्यायची आणि ती वीस-वीस वर्षे टिकवायची. पण या सक्तीतून एक मोठी गोष्ट घडली: फियाट दुरुस्त करणारा माणूस गावोगावी तयार झाला.

हायवेवरच्या गॅरेजात पद्मिनी आणली की मिस्तरी आधी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढी. पॉइंट जळून काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासून त्यांतली फट पात्याने मापायची. फट बरोबर नसेल तर ठिणगी अवेळी पडते, पेट्रोल अर्धवट जळते आणि ॲव्हरेज घसरतो. मग प्लग काढून त्यांचा रंग बघायचा. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतो आहे; पांढुरका म्हणजे मिश्रण पातळ झाले आहे, इंजिन तापणार; विटकरी तपकिरी असला की काम चोख. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला अर्धा आटा इकडे किंवा तिकडे दिला की लिटरमागे एखाद-दुसऱ्या किलोमीटरचा फरक पडे. शेवटी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघायचा आणि रेडिएटरमध्ये पाणी. या सगळ्याला पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर आणि जाणता कान एवढेच भांडवल लागे. मनोरला जे जमे तेच चाळीसगावला, तेच उदयपूरला. फियाट लांबच्या प्रवासाला विश्वासाची ठरली ती या पसरलेल्या ज्ञानामुळे. कारखान्यातल्या कौशल्याचा त्यात वाटा होता, पण रस्त्यावरच्या कौशल्याचा अधिक होता, आणि त्या मिस्तरींची नावे कुठल्याच इतिहासात आलेली नाहीत.

परदेशाची वाट त्या काळात खुली होती, निदान नकाशावर तरी. हुसैनीवाला किंवा वाघा ओलांडून पाकिस्तान, मग काबूल, हेरात, मशहद, तेहरान, तुर्कस्तान आणि युरोप. पश्चिमेकडून येणाऱ्यांची तर रीघ लागली होती. 1957 साली ‘इंडियामॅन’ नावाची बस लंडनहून कलकत्त्याला आली. एका बाजूचे भाडे 85 पौंड होते. साठच्या दशकात हिप्पी तरुण जुन्या फोक्सवॅगन गाड्यांतून याच वाटेने येत. इथून तिकडे जाणे कठीण होते ते परकीय चलनामुळे. रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे आणि हातात मिळे ती रक्कम फार थोडी. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला आणि परदेशात भरायच्या प्रत्येक लिटरची किंमत एका दिवसात दीडपटीहून अधिक झाली. मुंबईहून लंडनपर्यंत वळसे धरून बारा हजार किलोमीटर मानले, तर दहाचा ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला बाराशे लिटर लागतात, वीस देणाऱ्या गाडीला सहाशे. मोजक्या परकीय चलनावर निघणाऱ्याला हा फरक म्हणजे प्रवास होणे आणि न होणे यांतला फरक होता.

कोणती गाडी अशा वाटेने निभावते, याची एक जाहीर परीक्षा मुंबईच्या साक्षीने झाली. 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनहून सिडनीकडे शर्यतीच्या 98 गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीला आणि तिथून आग्रा रस्त्याने मुंबईला आल्या. निघालेल्यांपैकी सत्तरएक गाड्या मुंबई गाठू शकल्या. इथून त्या ‘चूसान’ बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेण्यात आल्या. शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेली ल्यूसियां बियांकीची सित्रोएन दुसऱ्या गाडीवर आदळली आणि शर्यत अँड्र्यू कॉवनच्या हिलमन हंटरने जिंकली. हंटर ही ब्रिटिश मध्यमवर्गाची साधी चौकोनी गाडी. तीच गाडी इराणमध्ये ‘पेकान’ नावाने तयार होऊ लागली होती आणि पुढे दशकानुदशके त्या देशाच्या रस्त्यांवर राहिली. लांबच्या वाटेला वेगवान गाडीपेक्षा सर्वत्र ओळखीची गाडी बरी, हे यापेक्षा स्पष्ट कशाने दिसणार?

1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले. पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला भाव 1974 च्या जानेवारीपर्यंत जवळजवळ बारा डॉलरवर गेला. भारतात पेट्रोल एकदम महागले आणि गाडीचा ॲव्हरेज हा घराघरातल्या बोलण्याचा विषय झाला. योगायोग असा, की याच काळात 1974 साली मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात ‘बॉम्बे हाय’ इथे तेल सापडले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. तरी आयातीची गरज संपली नाही. 1978 पासून पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने इंधनबचतीचा प्रचार हाती घेतला. ताशी पंचेचाळीस-पन्नासने चालवा, सिग्नलला इंजिन बंद करा, टायरमधली हवा तपासा, क्लचवर पाय ठेवू नका, असा तो उपदेश आणि तो आजही बरोबर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. छतावर सामानाचे कॅरिअर बांधले की त्यात भर. लांबच्या प्रवासात गाडी बदलण्याआधी हात आणि पाय बदलले तर पुष्कळ पेट्रोल वाचते.

1979 साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. जमिनीची वाट बंद पडली आणि मोटारीने युरोप गाठण्याचे स्वप्न एका पिढीपुरते मिटले.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 तिच्या मालकाच्या हाती आली. तीन सिलिंडरचे 796 सीसीचे इंजिन, पुढच्या चाकांना जोर आणि साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन. पद्मिनी हिच्याहून दोनेकशे किलोंनी जड. एवढ्या एका फरकाने लिटरला सोळा-अठरा किलोमीटर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. मिस्तरींना आधी ती पटली नव्हती, कारण पत्रा पातळ आणि इंजिन लहान. पण ती बिघडतच कमी. पॉइंट घासण्याचे, रेडिएटरमध्ये पाणी ओतण्याचे, चोक ओढण्याचे सोपस्कार हळूहळू मागे पडले. बोईसरच्या वसाहतीत नोकरीला आलेल्या तंत्रज्ञ-कामगारांच्या, अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या कुटुंबांच्या काळाशी या गाडीचा काळ जुळतो: कर्ज काढून घेतलेली पहिली गाडी, सुट्टीत गावी, शिर्डी, महाबळेश्वर किंवा गुजरातेत नातेवाइकांकडे. अशा गाडीच्या टप्प्यातला सर्वांत सोपा परदेश म्हणजे नेपाळ. तिथे भारतीय गाडीला कार्ने लागत नाही. सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकात कचेरीत दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून परवाना मिळतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, आणि मारुतीचा मिस्तरी नेपाळातही भेटतो. आजही पहिल्या परदेशी मोटारप्रवासाला याहून शहाणी निवड नाही.

नव्वदच्या दशकात डिझेल मोटारींत रुळले. टाटांची सुमो 1994 ची. तिचे नाव टाटांच्या मोटार कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून पडले. आठ-दहा माणसे घेऊन जाणारी ही गाडी महामार्गावरच्या भाड्याच्या धंद्यात शिरली. 30 डिसेंबर 1998 रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये घडलेली इंडिका जाहीर झाली आणि थोड्याच दिवसांत तिच्यासाठी लाखाहून अधिक नोंदण्या आल्या. डिझेलवर चालणारी, पाच माणसे ऐसपैस बसतील अशी छोटी गाडी लोकांनी तोवर पाहिली नव्हती. 2003 साली हीच गाडी ‘सिटी रोव्हर’ नावाने ब्रिटनमध्ये विकायला गेली. ती फार चालली नाही, पण पुण्याजवळ बनलेली मोटार परदेशच्या रस्त्यावर मालकीहक्काने धावली ती अशी. 2007 पासून फियाटचे 1248 सीसीचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले, पुढे टाटांच्या आणि फियाटच्या स्वतःच्या गाड्यांतही, आणि रांजणगावच्या कारखान्यात ते बनू लागले. तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गाड्यांत एकच इंजिन. त्यामुळे त्याचा सुटा भाग आणि त्याची माहिती पुन्हा एकदा सर्वत्र पसरली. फियाट 1100 च्या बाबतीत जे परवानाराजमुळे घडले, ते या वेळी बाजारामुळे घडले.

डिझेलच्या मागे किमतीचा जोर होता. पेट्रोलचा भाव 2010 च्या जूनमध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला, डिझेलचा झाला नाही. 2012 च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेले तेव्हा डिझेल 41 च्या आत होते. रोज चिल्हार फाट्यावरून मुंबई किंवा वापीला जाणाऱ्याला जास्तीची किंमत मोजून घेतलेली डिझेल गाडी दोन-तीन वर्षांत वसूल होई. महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र ती कधीच परवडत नव्हती, आणि तरी अनेकांनी ती घेतली. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलही नियंत्रणमुक्त झाले, दोन्ही भाव जवळ आले, आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा ही धुराची मानके लागू झाल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या.

डिझेलची जागा सीएनजीने घेतली. मुंबईत 1995 साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि प्रदूषणाच्या खटल्यांनंतर काळ्या-पिवळ्या टॅक्स्या गॅसवर आल्या. पालघर जिल्ह्यात गुजरात गॅसचे पंप आहेत, आणि मुंबईपासून थेट गुजरातच्या पार टोकापर्यंत गॅस मिळतो, म्हणून या पट्ट्यातल्या गाडीवाल्याला सीएनजी हाच काटकसरीचा पहिला पर्याय वाटतो. पण त्याची मर्यादा डिकी उघडताच दिसते. साठ लिटरची टाकी सामानाची बहुतेक जागा खाते आणि तिच्यात गॅस मावतो तो आठ-दहा किलो. किलोला पंचवीस किलोमीटर धरले तरी दोन-अडीचशे किलोमीटरला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो-टेस्ट करून घ्यावी लागते. अहमदाबादपर्यंत ही गाडी उत्तम. राजस्थानच्या आतल्या भागात किंवा नेपाळात ती पेट्रोलवरच चालवावी लागते, आणि मग रिकामी लोखंडी टाकी उगाच वाहून न्यायचा भार होतो.

या सगळ्यात ग्राहकाला आकडा सांगणारी संस्था म्हणजे पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, 1966 साली स्थापन झालेली. गाडीच्या कागदावर छापलेला ॲव्हरेज तिथल्या चाचणीतून येतो. गाडी फिरत्या रोलरांवर उभी करून ठरलेल्या चक्राप्रमाणे सुमारे वीस मिनिटे चालवतात. कमाल वेग ताशी 90, एसी बंद. वारा नाही, चढ नाही, चार माणसांचे सामान नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हा आकडा प्रामाणिक आहे. प्रवासाचे बजेट मांडायला नाही. त्यातून पाचवा हिस्सा वजा करून चालावे, हा जुन्या चालकांचा ठोकताळा घाटांच्या वाटेला पुरतोच असेही नाही. 2009 च्या मार्चमध्ये मुंबईत दाखल झालेली नॅनो या आकड्यात पेट्रोल गाड्यांत सर्वांच्या पुढे होती, लिटरला 23.6 किलोमीटर. पण तिची टाकी पंधरा लिटरची आणि सामानाला जागा मागची सीट दुमडल्यावरच. दूरच्या वाटेला ती काही धाडसी लोकांनी नेली. कुटुंबाची लांबच्या प्रवासाची गाडी ती होऊ शकली नाही.

आज भारतातून स्वतःची गाडी परदेशात नेणाऱ्यापुढे वाटा थोड्या आहेत. म्यानमारमधील 2021 च्या लष्करी उठावापासून मोरे-तामूकडची पूर्वेची वाट जवळजवळ बंद आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये अटारीचा नाकाही बंद झाला. चीनमध्ये शिरायचे तर तिथला तात्पुरता परवाना, तात्पुरती नंबरपाटी आणि सोबत सरकारमान्य मार्गदर्शक लागतो, त्याचा खर्च इंधनाच्या कितीतरी पट. म्हणून पुष्कळ जण गाडी बोटीने आखाती बंदरात पाठवून पुढे इराण, तुर्कस्तान, युरोप असे जातात. ‘आयएनडी’ ही अक्षरे असलेली पाटी, इंग्रजीतली नंबरपाटी, कार्ने आणि आरटीओकडून एका वर्षासाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना ही शिदोरी.  इराणपासून पुढे जवळजवळ सगळीकडे वाहतूक उजवीकडून, आणि आपले स्टिअरिंगही उजवीकडे. पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरचे काही दिसत नाही. डावीकडे बसलेल्या सोबत्याचे डोळे तेव्हा इंजिनाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

अशा वाटेला नवी डिझेल गाडी नेणे आता धोक्याचे झाले आहे. भारत स्टेज सहाच्या डिझेल इंजिनाला दहा लाखांत दहा भागांपेक्षा कमी गंधक असलेले डिझेल लागते. वाटेतील काही देशांत ते सर्वत्र मिळत नाही, आणि गंधकाने धूर गाळणारी जाळी तुंबली की गाडी मंदावते, नंतर थांबते. ती उघडून साफ करणारा मिस्तरी वाळवंटात भेटत नाही. साध्या पेट्रोल इंजिनाला हे दुखणे नाही; फार तर कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर ते थोडे ठोकते. देशातल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच मान्य केले आहे की जुन्या घडणीच्या चारचाकीचा ॲव्हरेज त्याने सहा-सात टक्क्यांनी घसरू शकतो. म्हणजे सीमेपर्यंतचा हिशेब एक आणि सीमेपलीकडचा दुसरा, असे दोन हिशेब मांडावे लागतात.

सगळे जमेस धरले तर आजच्या काळात परदेशाच्या लांब वाटेला निभावणारी स्वस्त गाडी कोणती, याचे उत्तर ओळखीचे वाटेल: चार-पाच वर्षे वापरलेली, टर्बो नसलेली, हाताने गिअर टाकायची, बाराशे सीसीच्या आसपासची पेट्रोल गाडी, जमिनीपासून थोडी उंच, चाळीसेक लिटरची टाकी असलेली, आणि जिचे भाऊबंद वाटेतल्या देशांतही विकले जातात. सुझुकीच्या छोट्या गाड्या नेपाळ, पाकिस्तान, आखात आणि युरोपातही आहेत. टोयोटा आणि ह्युंदाईच्याही. किंमत उतरलेली असल्याने कार्नेची हमी कमी बसते. निघण्यापूर्वी क्लच प्लेट, टायमिंगची साखळी किंवा पट्टा, फ्युएल पंप आणि पाचही टायर बघून घ्यायचे. सोबत फिल्टर, बेल्ट, प्लग, कॉइल, एक जादा स्टेपनी आणि गाडीचा दोष वाचणारे छोटे यंत्र ठेवायचे. ज्यांना गाडी न्यायचीच नाही त्यांनी तिकडे भाड्याने घ्यावी: युरोपात पेट्रोल भारतापेक्षा बरेच महाग असल्याने सर्वांत लहान गाडी मागावी, आणि परतताना टाकी भरून देण्याची अट मान्य करावी, कारण रिकाम्या टाकीसाठी कंपन्या लावतात तो दर पंपापेक्षा जास्त असतो.